पाच अडतीसचं बेट

रेडिओ ऐकणाऱ्यांकडे इतके किस्से कसे साचतात, असं मला ऑफिसात नेहमी विचारतात. उत्तर सोपं आहे. आमच्या छंदात ऐकणं दहा मिनिटं आणि वाट पाहणं दोन तास. त्या दोन तासांत तीन-चार माणसं एका खरखरणाऱ्या डब्याभोवती बसलेली असतात. किस्से होणार नाहीत तर काय होणार?

छंद म्हणजे मिडियम वेव्हवर दूरची स्टेशनं पकडणं. एफएम चाळीस-पन्नास किलोमीटरवर संपतं. मिडियम वेव्हही दिवसा फार लांब जात नाही, पण सूर्य मावळला की तिच्या लहरी आकाशातल्या वरच्या थरावर आपटून परत खाली येतात आणि हजारो किलोमीटर लांब पडतात. म्हणून संध्याकाळी आणि पहाटे नागपुरात बसून इराण, चीन, थायलंड ऐकू येतात. म्हणजे, आले तर येतात.

स्टेशन ऐकलं की त्यांना रिपोर्ट पाठवायचा. तारीख, वेळ, काय ऐकलं, किती स्पष्ट ऐकलं. त्यांनी तो आपल्या नोंदींशी ताडून पाहायचा आणि बरोबर निघाला तर एक छापील कार्ड पाठवायचं. या सगळ्यात साक्षीदार कोणीच नसतो. त्यामुळे नियम एकच. जे ऐकलं तेच लिहायचं.

नागपुरात आम्ही सात जण आहोत. या किश्शांना तीन पुरतील. लांजेवार काका सत्तरी ओलांडलेले, हिंगण्याच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. भोयर दादाचं बल्ब-इन्व्हर्टरचं दुकान आहे. आणि मी प्रज्ञा. फिजिक्स शिकले, मिहानमध्ये सॉफ्टवेअर तपासते, आणि कुठलीही गोष्ट आजच्या आज व्हावी असं मला वाटतं. या छंदाला इतकं नालायक माणूस दुसरं सापडणार नाही.

*

पहिल्याच दिवशी मी काकांशी वाद घातला होता. हिंगणा रोडवरच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, त्यांचं घर आहे. गच्चीवर लाकडी चौकटीला तांब्याची तार गुंडाळून केलेला अँटेना, आणि काका ती चौकट बोटभर इकडे, बोटभर तिकडे फिरवत बसलेले. पाऊण तास झाला, नुसती खरखर.

मी म्हटलं, "काका, ही सगळी स्टेशनं नेटवर मिळतात. एका सेकंदात."

"मिळते ना," काका म्हणाले. "नेटवर थे तुले पाठवते. इथं थे कोणाले तरी पाठवलेलं असते, चुकून आपल्याकडं येते."

"मग त्यात मजा काय?"

"तू चुकून आलेल्या पाहुण्याले कधी जेवू घातलं नाही काय वं?"

घरी जाऊन मी एक रेडिओ मागवला.

*

वर्षभरानं आमच्या ग्रुपवर एका मेंबरनं टाकलं की त्यानं भर दुपारी बारा वाजता जपान ऐकलं. दुपारी बाराला मिडियम वेव्हवर नागपुरात जपान ऐकू येणं म्हणजे मे महिन्यात फुटाळा तलावावर बर्फ पडणं. त्यानं कार्यक्रमाचा तपशील स्टेशनच्या वेबसाइटवरून जसाच्या तसा उतरवला होता, स्पेलिंगच्या चुकीसकट.

माझं डोकं फिरलं. मी ग्रुपवर भलामोठा मेसेज लिहिला. हा छंद विश्वासावर उभा आहे, एक खोटा रिपोर्ट सगळ्यांचे खरे रिपोर्ट खोटे करतो, अशा माणसाला ग्रुपमधून काढलं पाहिजे, आणि आजच. चौघांनी लाइकचे अंगठे टाकले. काकांनी काहीच केलं नाही. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "घरी ये."

गेले. त्यांनी कार्डांचा अल्बम काढला. पारदर्शक खिसे, प्रत्येकात एक कार्ड. ताजिकिस्तान, ओमान, श्रीलंका. मी तो दहा वेळा पाहिला होता. काकांनी सातव्या पानावर बोट ठेवलं. तिथलं एक कार्ड उलटं होतं, पाठीची कोरी बाजू वर. मला नेहमी वाटायचं, घाईत तसं राहिलं असेल.

त्यांनी ते बाहेर काढून सुलटं केलं. नारळाची झाडं, एक लांब चोचीचा पक्षी आणि हिंदी महासागरातल्या एका छोट्या बेटाचं नाव. ते नाव मी इथं लिहीत नाही. एवढ्याशा बेटावर रेडिओत माणसं किती असणार, लगेच ओळखू येतील.

"बावीस वर्षांचा होतो," काका म्हणाले. "प्रेसशॉपमध्ये पहिली पाळी. हे स्टेशन आपल्याकडं साडेपाचले सुरू होते, आन् कंपनीची बस सव्वापाचले चौकातून जाये. त्या हिवाळ्यात आमच्या रेडिओ क्लबातल्या समद्या पोट्ट्यांनी हे बेट ऐकलं. मी बसमध्ये."

"मग?"

"मग एकाची वही आणली. गाण्यांचा क्रम उतरवला. सगळं स्पष्ट ऐकू आलं म्हणून रिपोर्ट धाडला. कार्ड आलं. क्लबानं माह्या गळ्यात हार घातला." ते थोडे थांबले. "थो हार मी घरी नाही नेला. बसस्टॉपवरच्या झाडाले अडकवला."

निवृत्त झाल्यापासून दर हिवाळ्यात काका पहाटे साडेपाचला गच्चीवर बसतात. ते बेट एकदा खरंखुरं ऐकायचं, एवढंच त्यांना हवं आहे. बाकी स्टेशनं ते येता-जाता ऐकतात.

त्यांनी कार्ड पुन्हा उलटं करून अल्बमच्या खिशात घातलं आणि मला विचारलं, "मग मले कधी काढून राहिली ग्रुपातून?"

मी मेसेज डिलीट केला. दुपारचा जपानवाला अजून ग्रुपमध्ये आहे. परवा त्यानं ब्राझील ऐकलं.

*

आमचा खरा शत्रू अंतर नाही, बल्ब आहे. स्वस्तातले एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर यांतून जी खरखर निघते ती मिडियम वेव्हवर धुळीसारखी बसते. गल्लीत नवी खरखर सुरू झाली की आम्ही छोटा रेडिओ हातात धरून ती शोधायला निघतो. आवाज वाढेल तिकडे चालायचं.

एका संध्याकाळी असेच निघालो. तिसऱ्या गल्लीच्या टोकाला एका घरासमोर रेडिओ नुसता किंचाळत होता. फाटकात एक ताई उभ्या होत्या. भोयर दादा अदबीनं म्हणाला, "ताई, तुमच्या घरातून काहीतरी लीक होऊन राहिलं. जरा चेक करू द्या."

ताईंचा चेहरा उतरला. "थांबा," म्हणून त्या आत गेल्या. पुढच्या मिनिटाला गच्चीवर कोणीतरी लांब बांबू घेऊन आलं, खांबावरच्या तारेवर टाकलेला आकडा काढला, आणि घरातले सगळे दिवे गेले. खरखरही गेली.

भोयर दादा खूष झाला. मला मात्र त्या माणसांची दया आली. मी सांगितलं, "ताई, आम्ही वीजवाले नाही. आम्ही रेडिओ ऐकतो."

त्यांनी माझ्या हातातला रेडिओ पाहिला. मग वर बघून ओरडल्या, "लाव रे परत. येडे हायेत."

दिवे आले, खरखर आली. खरखर व्हरांड्यातल्या एका बल्बची होती. भोयर दादा खुर्चीवर चढला, बल्ब काढला आणि उजेडात धरला. बल्बवर त्याच्याच दुकानाचं स्टिकर होतं.

ताई म्हणाल्या, "तुम्हीच देला होता ना? चांगला चालते म्हणून सांगतलं होतं."

"चालते ना," काका म्हणाले. "माह्या घरापर्यंत चालते."

*

लाइट जाते तेव्हा आमचा सण असतो. अख्ख्या लेआउटचे बल्ब बंद, सगळे चार्जर मुके, आणि रेडिओवर आकाश लख्ख. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी काकांच्या लेआउटचा ट्रान्सफॉर्मर गेला. काकांनी ग्रुपवर दोनच शब्द टाकले, "लाइट गेली." तीन मिनिटांत सहा अभिनंदनं.

मी ऑफिसची बस सोडून रिक्षानं पोचले. गच्चीवर काका कानाला हात लावून बसलेले, आणि खाली अर्ध्या तासात लाइनमन हजर. इतका तत्पर माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि तो नेमका त्याच दिवशी उगवला.

काकांनी वरूनच हाक मारली, "या ना जी, चहा घेऊन जा आधी."

चहा झाला. दुसरा चहा झाला. मग काकूंनी पोहे आणले, वर तर्री. लाइनमननं अर्धी बशी संपवली आणि चमचा खाली ठेवला.

"काका, तुमच्याच इकडची लाइट गेली ना जी?"

"हाव."

"पूरा लेआउट मले शिव्या देऊन राहिला, आन् तुम्ही पोहे देऊन राहिले. माजरा काय हाय?"

काका काही बोलायच्या आत काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तुम्ही खा. त्याईले अजून थायलंड लागाचा हाय."

*

काकांचे कान तीस वर्षं प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांशेजारी गेले. म्हणजे गेलेच. जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत. कोणी बोलतंय हे कळतं, बाई की माणूस तेही कळतं, पण शब्द निसटतात. घरात आपण तोंडासमोर बोलतो म्हणून भागतं. रेडिओला तोंड नसतं.

पुण्याच्या मुलीनं कानाचं मशीन पाठवलं. काकांनी आठवडाभर वापरून डबीत ठेवून दिलं.

मी रागावले. "काका, एवढं चांगलं मशीन आहे!"

"चांगलंच हाय. पण रेडिओजवळ बसलो का मशीनच गाते. आता तिचा रिपोर्ट कोणाले धाडू?"

मग मी माझा मार्ग काढला. जगात अनेक हौशी लोकांनी आपले रेडिओ नेटला जोडून ठेवले आहेत. आपण नागपुरात बसून त्यांची बटणं फिरवायची आणि तिकडे जे ऐकू येतं ते इकडे ऐकायचं. काकांच्या बेटापासून समुद्राच्या एका पट्ट्यापलीकडे असा एक रेडिओ मला सापडला. आधी घरी ऐकून पाहिलं. बेट असं खणखणीत येत होतं, जणू सीताबर्डीवरून लागलंय. लॅपटॉप घेऊन मी काकांकडे धावले.

"काका, हेडफोन घाला. तुमचं बेट."

त्यांनी हेडफोन हातात घेतले, कानाला लावले नाहीत. "हे कोण ऐकून राहिलं?"

"तुम्ही."

"नाही वं. थो तिकडचा डब्बा ऐकून राहिला. मी त्याचं ऐकीन. एकदा दुसऱ्याच्या वहीतून ऐकलं, तेवढं पुष्कळ झालं."

मला भयंकर राग आला. खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं म्हणून जास्त आला. मी लॅपटॉप मिटला, "मग बसा खरखर ऐकत," असं म्हटलं आणि निघाले. फाटकापाशी काकूंनी गाठलं. हातात गाजराच्या हलव्याचा डबा दिला आणि म्हणाल्या, "त्याईले समजावाचं काम माह्याकडं हाय. मले पंचेचाळीस वर्षं झाली, तू काहून घाई करून राहिली?"

*

शेवटी शहराबाहेर जायचं ठरलं. भोयर दादाच्या साळ्याच्या ओळखीनं कळमेश्वरच्या पुढे नामदेवराव नावाच्या शेतकऱ्याचं वावर मिळालं. हरभरा, थोडा गहू, जवळ वस्ती नाही. आम्ही चाचणीसाठी एका संध्याकाळी गेलो आणि बांधाच्या कडेनं अडीचशे मीटर तार सरळ अंथरली. इतक्या लांब तारेवर दूरची स्टेशनं छान येतात.

तार टाकून मागे वळतो तर आठ-दहा माणसं उभी. एक जण म्हणाला, "किती जाऊन राहिली?"

"काय किती?"

"जमीन. रोड हाय का कंपनी?"

भोयर दादानं शपथेवर सांगितलं की आम्ही काही घेत नाही. कोणाचा विश्वास बसेना. तार अंथरून काही न घेणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. शेवटी काकांनी हेडफोन दाखवला. "बापू, आम्ही नुसते ऐकाले आलो."

नामदेवराव त्यांच्याएवढेच म्हातारे, डोक्याला मफलर. ते काकांच्या समोर बांधावर बसले. "आजवर जे आले थे सांगाले आले," ते म्हणाले. "ऐकाले कोणी आलं नव्हतं. लिहून घ्या." आणि त्यांनी सुरुवात केली. रानडुकरं, शेजाऱ्यानं सरकवलेला बांध, दिवसा न येणारी लाइन.

काकांनी मोडता घातला नाही. स्टेशनं नोंदवायची वही उघडली आणि अर्धा तास लिहीत राहिले. त्या दिवसाची नोंद मी स्वतः पाहिली आहे. सहा वीस ते सहा पन्नास, डुक्कर, बांध, लाइन. शेजारच्या रकान्यात, आम्ही स्टेशनाचा जोर लिहितो तिथं, "अत्यंत स्पष्ट."

बाकी रकाने मात्र कोरे राहिले. हेडफोनमध्ये दर सेकंदाला टक, टक, टक असा ठोका येत होता आणि त्याखाली सगळं दबून जात होतं. वावराच्या कुंपणाला डुकरांसाठी झटका मशीन लावलं होतं. दर सेकंदाला तारेत एक झटका सोडणारं. ते बंद करता का, असं मी विचारलं.

"मशीन बंद केली त डुक्कर वावर खाते," नामदेवराव म्हणाले. "तुमचा रेडिओ मले हरभरा देईन काय?"

तेही बरोबरच होतं. आम्ही तार गुंडाळली.

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

यंदाच्या थंडीत एका सोमवारी बेटाच्या वेबसाइटवर चार ओळी आल्या. मिडियम वेव्हचा ट्रान्समीटर जुना झाला, या शनिवारी सकाळच्या प्रसारणानंतर कायमचा बंद. पुढे फक्त एफएम आणि मोबाईल.

काकांच्या गच्चीवर आशा नव्हती. गल्लीतले पथदिवे उजाडेपर्यंत खरखरतात. मी नामदेवरावांना फोन लावला आणि विचारलं, बुधवार ते शनिवार, पहाटे एक तास झटका मशीन बंद ठेवाल का.

"काहून?"

मी घाईत सगळं सांगून टाकलं. बस, वही, कार्ड, हार.

"हार झाडाले अडकवला म्हणता?"

"हो."

"या मग."

बुधवारी धुकं होतं. बेटाच्या जागी एक बारीक गुणगुण, बस. ट्रान्समीटर चालू आहे एवढंच कळलं. आमच्याकडे वेळ मोजकाच. साडेपाचला बेट सुरू होतं, आणि पाच पन्नासला अगदी शेजारच्या फ्रीक्वेन्सीवर आपलं एक तगडं देशी स्टेशन उठतं. मग बेट संपलं.

गुरुवारीही तेच. त्या तासाभरात डुकरं येऊन गेली. नामदेवराव काठी आणि कुत्रं घेऊन कुंपणावर उभे होते तरी गेली. ते चिखलाच्या चपलांनी आले. "हरभऱ्याच्या दोन ओळी गेल्या. तुमचं आलं काय?"

काका म्हणाले, "नाही."

"मग उद्या या."

शुक्रवारी पाच अडतीसला आलं. आधी एक संथ गाणं, झुल्यासारखं. गाणं संपलं आणि एक बाई बोलली. चार-पाच वाक्यं, आणि शेवटी स्टेशनाचं नाव. मी ऐकलं. भोयर दादानं ऐकलं, त्यानं माझा हात घट्ट दाबला. पाच पन्नासला देशी स्टेशन आलं आणि सगळं झाकलं गेलं.

आम्ही काकांकडे पाहिलं. त्यांनी हेडफोन काढले. डोळे भरलेले होते.

"गाणं ऐकलं," ते म्हणाले. "बाई होती. काहीतरी बोलली."

"नाव घेतलं ना जी तिनं!" भोयर दादा म्हणाला. "लिहा काका. झालं तुमचं."

"नाव तुम्ही ऐकलं. तुम्ही लिहा."

मी मोबाईलवरचं रेकॉर्डिंग लावून दिलं. त्यांनी चारदा ऐकलं. चारही वेळा मान हलवली. मला रडू यायला लागलं. मी म्हटलं, "काका, उद्या संपतंय हे. कोण तपासायला येणार आहे?"

"माहीत हाय मले कोणी येत नाही थे. टाईप कर."

मी टाईप केलं. ते मराठीत सांगत होते, मी इंग्रजीत लिहीत होते. तो रिपोर्ट असा होता.

"पाच अडतीस ते पाच पन्नास. एक गाणं ऐकलं, संथ, वाद्यं दोन-तीन. मग एक बाई बोलली. काय बोलली ते कळलं नाही, माझे कान खराब आहेत. स्टेशनाचं नाव मी ऐकलं नाही. सोबतच्या दोघांनी ऐकलं, त्यांची नावं खाली दिली आहेत. कार्ड पाठवू नये. पन्नास वर्षांपूर्वी मी आपल्याला एक रिपोर्ट पाठवला होता. त्यात सगळं स्पष्ट ऐकू आलं असं लिहिलं होतं. तेव्हा मी काहीच ऐकलं नव्हतं."

खाली पूर्ण नाव, नागपूर, भारत. सव्वासहाला वावरातूनच मेल गेला.

दुपारी ऑफिसात असताना उत्तर आलं. मी ते वाचलं, बॉसला खरं काय ते न सांगता उठले, आणि गाडी काढून काकांकडे जाऊन वाचून दाखवलं.

"आपला आजचा रिपोर्ट बरोबर आहे. माइकवर मीच होते. पन्नास वर्षांपूर्वीच्या रिपोर्टबद्दल मला काही सांगता येत नाही, तेव्हा माझा जन्म झाला नव्हता. उद्या शेवटचा दिवस. उद्याही मीच आहे. त्याच वेळी ऐका. मी नाव सावकाश घेईन."

काकूंनी उद्यासाठी मोठा थर्मास धुवायला घेतला.

शनिवारी पाचला आम्ही बांधावर होतो. काकूही आल्या होत्या. काकांनी हेडफोन घातलेच नाहीत. घरचा जुना मोठा सेट आणला होता, तो पोत्यावर ठेवून त्याला तार जोडली आणि आवाज पूर्ण सोडला. नामदेवरावांनी झटका मशीन बंद केलं आणि कुत्रं घेऊन कुंपणापाशी जाऊन उभे राहिले.

पाच पस्तीसला गाणं सुरू झालं. कालच्यापेक्षा कमजोर. मध्येच बुडायचं, परत वर यायचं. पाच अडतीसला थांबलं.

ती बाई बोलू लागली. दोन-तीन वाक्यं त्यांच्या भाषेत, नेहमीच्या वेगात. मग ती गप्प झाली, इतका वेळ की मला वाटलं ट्रान्समीटर आत्ताच बंद केला. आणि मग तिनं नाव घेतलं. एक-एक अक्षर सुटं करून, मध्ये श्वास घेत, लहान मुलाला शिकवावं तसं. पुन्हा घेतलं. काकांनी वही उघडली, पेन्सिल कागदाला टेकवली आणि दुसरा हात सेटवर ठेवला. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. काकांची पेन्सिल चालायला लागली.

नामदेवराव कुंपण सोडून आमच्याजवळ आले होते. ते थोडा वेळ सेटकडे पाहत राहिले.

"ही बाई काहून एकच शब्द घोकून राहिली गा?"

काकांनी वर पाहिलं नाही. ते लिहीत होते.

"मले सांगून राहिली," ते म्हणाले.